बावीस महिन्यांचे एकोणतीस: तारा लावलेल्या एका केसचा हिशेब

दातांना तारा लावायला आलेल्या घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती दिवसांत निघतील?" खर्च आणि दुखणं त्याच्या मागून येतात. या केसमध्ये वडिलांनी तो जरा वेगळ्या शब्दांत विचारला: "दहावीच्या परीक्षेआधी निघतील ना?" मुलगी १४ वर्षांची, नुकतीच आठवी संपवलेली, महिना मे. उत्तर मिळालं २२ महिने. प्रत्यक्षात लागले २९.

हे सात महिने कुठे गेले ते एकेक करून पाहिलं, की तारांबद्दल लोक जे जे विचारतात त्यातल्या बहुतेक गोष्टींची उत्तरं वाटेत सापडतात. केस एकाच रुग्णाची नाही. दवाखान्यात पुन:पुन्हा दिसणाऱ्या प्रसंगांतून ती बांधली आहे, म्हणून तिला नावगाव नाही.

तोंडात काय होतं

वरचे पटाशीचे दात खालच्या दातांच्या ७ मि.मी. पुढे होते. २ ते ३ मि.मी. अंतर सर्वसाधारण धरतात. ओठ मिटायला मुलीला हनुवटी आवळावी लागे आणि तेव्हा हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारख्या खळ्या उमटत. चावताना खालचे दात वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकत. वर ३ मि.मी. आणि खाली ४ मि.मी. दाटी. वरची पहिली दाढ खालच्या दाढेच्या मानानं अर्धा उंचवटा (दाढेच्या माथ्यावरच्या टोकाची निम्मी रुंदी) पुढे. एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्यानं १८९९ मध्ये जे वर्गीकरण मांडलं, त्यातला हा दुसरा वर्ग, आणि आजही कागदावर तसंच लिहितात.

तपासणीत दोन एक्स-रे काढले. ओपीजीत सगळे दात, त्यांची मुळं आणि न आलेल्या अक्कलदाढा एका पट्टीत दिसतात. लॅटरल सेफ हा चेहऱ्याचा बाजूनं काढलेला एक्स-रे. दोष दातांत आहे की जबड्यात, हे त्यावर कोन मोजून कळतं. किरणांची भीती बऱ्याच आयांना असते. ओपीजीची मात्रा आपल्याला निसर्गातून काही दिवसांत मिळते तेवढीच असते. शिवाय ही चित्रं नसताना तारा लावणं म्हणजे पाया न बघता मजला चढवणं.

उशीर झाला होता का? दुधाचे दात पडल्यावर बघू म्हणून थांबणारे खूप. सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा दाखवून घेतलं, तर जबड्याच्या वाढीचा फायदा घ्यायचा असेल तेव्हा घेता येतो. इथे वाढीचा मोठा झपाटा होऊन गेला होता. उरला होता दात हलवण्याचा मार्ग.

"चांगले दात का काढायचे?"

चार उपदाढा, म्हणजे सुळा आणि दाढ यांच्या मधले दात, काढायच्या म्हटल्यावर घर गप्प झालं. हा प्रश्न मतानं सुटत नाही, गणितानं सुटतो, आणि ते गणित घरच्यांसमोर कागदावर मांडलं तर निम्मी धास्ती तिथेच जाते.

एक उपदाढ साधारण ७ मि.मी. रुंद. म्हणजे प्रत्येक बाजूला ७ मि.मी. जागा मिळणार. वरच्या जबड्यात एका बाजूची दाटी सोडवायला दीड मि.मी. लागणार, पुढचे दात मागे न्यायला साडेचार. उरला एक. वरची दाढ एवढीच पुढे सरकली तर चालेल, त्याहून जास्त नाही. खालच्या जबड्यात दाटीला दोन, दातांच्या रांगेची खोलगट कमान सपाट करायला एक, उरले चार. खालची दाढ तेवढी पुढे आणायची. वरची एक पुढे, खालची चार पुढे, फरक तीनचा. अर्धा उंचवटा म्हणजे हेच तीन.

म्हणून वर पहिल्या उपदाढा निवडल्या आणि खाली दुसऱ्या. जागा दाढेला लागून असली की दाढ पुढे येणं सोपं. जागा सुळ्याला लागून असली की पुढचे दात मागे जाणं सोपं. ही रस्सीखेच आहे: वर दाढेच्या बाजूला जास्त गडी हवेत, खाली कमी.

न काढता झालं नसतं का? रांग लावता आली असती, पण आधीच पुढे आलेले दात आणखी पुढे झुकले असते आणि ओठ मिटण्याची मूळ तक्रार वाढली असती. दाटी कमी आणि ओठ सरळ असलेल्या मुलांत दात न काढता, कधी दातांच्या कडा किंचित घासून काम भागतं. दात काढणारा डॉक्टर वाईट आणि न काढणारा चांगला, असा हिशेब नसतो.

आजीची शंका वेगळी होती: "वरचा दात काढला की नजर कमी होते म्हणतात हो." दाताची वेदना मेंदूकडे नेणारी नस वेगळी आणि दृष्टीची वेगळी, उपदाढ काढताना डोळ्याच्या नसेच्या आसपासही कोणी जात नाही. उतारवयात दातही जातात आणि नजरही, त्यातून बहुधा ही जोडी जमली असावी. आजी या उत्तरावर पूर्ण राजी झाल्या नाहीत, पण दात काढू दिले. आठवड्याच्या अंतरानं दोनदा, एका वेळी एक बाजू.

याच बैठकीत एक निर्णय झाला, जो पुढे महागात पडला. वरच्या दाढा जागेवर धरून ठेवायला दोन पर्याय होते: हाडात बसवायचे दोन छोटे स्क्रू, किंवा टाळूवरून जाणारी तार आणि त्याच्या जोडीला वरच्या आणि खालच्या दातांत ताणून मुलीनं रोज २० तास लावायचे रबर. आई म्हणाली, "स्क्रू नको. रबर लावेल ती."

पहिला दिवस, पहिला आठवडा

मागच्या दाढांना पट्ट्या बसवण्याआधी दाढांच्या फटींत निळ्या रबरी रिंगा घातल्या जातात. पाच दिवस त्या राहतात, आणि पुष्कळांना तारांपेक्षा त्यांचाच त्रास जास्त वाटतो. पुढच्या दातांवर ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारे छोटे तुकडे, चिकटवताना आधी दात पॉलिश करून, ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाचा जेल १५ ते ३० सेकंद लावून धुतात. वाळवल्यावर त्या जागी दात खडूसारखा पांढरा दिसला पाहिजे. मग प्रायमर, मग ब्रॅकेटच्या पाठीवर चिकट द्रव्य, मग निळा प्रकाश. या सगळ्यात लाळेचा एक थेंब मध्ये आला तर तो ब्रॅकेट कधी ना कधी निघणारच. हे लक्षात ठेवा, दिवाळीत उपयोगी पडेल.

सिरॅमिकचे ब्रॅकेट हवे होते. वर चाललेही असते. खाली मात्र नाही, कारण ही मुलगी खोलवर चावत होती आणि सिरॅमिक इनॅमलपेक्षा कडक असतं. वरच्या दातांच्या कडा त्यावर झिजतात. शेवटी दोन्हीकडे धातूचे लावले. खालच्या ब्रॅकेटवर चावा बसू नये म्हणून मागच्या दाढांवर सिमेंटचे निळे ठोकळे. पहिले काही दिवस फक्त त्या ठोकळ्यांवरच दात टेकतात आणि जेवायला अर्धा तास जास्त लागतो. अलाइनर, म्हणजे काढता-घालता येणारे पारदर्शक साचे, विचारले गेले, पण चार उपदाढा काढलेल्या केसमध्ये मुळांसकट दात सरळ मागे न्यायला ते कमी पडतात, आणि दिवसाचे २० ते २२ तास घालायची शिस्त तिथेही लागतेच.

तार ब्रॅकेटला बांधणाऱ्या रंगीत रबरी कड्यांत तिनं पारदर्शक मागितली. महाराष्ट्रातल्या जेवणावर ही निवड एका आमटीपुरती टिकते. हळद रबरात शिरते आणि ते पिवळं होतं, घासून जात नाही. राखाडी लावली.

पहिली तार १४ ची नायटाय, म्हणजे ०.०१४ इंच जाडीची निकेल-टायटॅनियमची. ती कशीही वाकवली तरी मूळ कमानीकडे परतू पाहते आणि जाताना दातांना ओढून नेते. दुखणं चार-सहा तासांनी सुरू होतं, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं, आठवड्याच्या आत ओसरतं. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल पुरतं. आयबुप्रोफेन वारंवार घेऊ नये म्हणतात, कारण दात ज्या दाहप्रक्रियेच्या जोरावर हलतो तिलाच ते दाबतं. जेवायला वरण-भात, मऊ खिचडी, उपीट, दुधात कुस्करलेली भाकरी. उष्णतेवर चालणारी तार गारव्यात सैल पडते, म्हणून थंड पाण्याच्या घोटानं घटकाभर बरं वाटतं.

गालाला ब्रॅकेट घासतं तिथे मेण. ते लावायची रीत चुकते म्हणून ते पडतं: ब्रॅकेट आधी टिश्यूनं कोरडं करायचं, अर्ध्या वाटाण्याएवढं मेण बोटांत मळून मऊ करायचं आणि दाबून बसवायचं. ओल्यावर काहीच चिकटत नाही. सोबत पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा.

दुसऱ्या आठवड्यात फोन आला: "दात हलतायत. पडतील का?" हलायलाच हवेत. दाताचं मूळ हाडात थेट रुतलेलं नसतं, मध्ये सुमारे पाव मि.मी. जाडीची तंतूंची गादी असते. दाब येतो त्या बाजूचं हाड पेशी खातात, ताण येतो त्या बाजूला नवं घालतात. काम चालू असेपर्यंत ती गादी रुंदावलेली राहते, म्हणून दात थोडा खुळखुळतो.

वडिलांचा पुढचा प्रश्न यालाच जोडून होता: "जरा जास्त टाइट करा, म्हणजे लवकर होईल." उलट होतं. जोर वाढला की गादीतल्या रक्तवाहिन्या चिरडतात, तिथल्या पेशी मरतात, आणि हाड समोरून खाल्लं जाण्याऐवजी पाठीमागून कुरतडत यावं लागतं. दात दोन ते चार आठवडे जागचा हलत नाही, आणि तेवढ्यात ज्या दाढेनं जागेवर राहायचं तीच पुढे येते. फट बंद होण्याचा खरा वेग महिन्याला जेमतेम एक मि.मी. असतो. या वेगाला मान दिला तर २२ महिन्यांचा आकडा कसा आला ते कळतं: रांग लावायला ७, जागा बंद करायला ९, बारीक दुरुस्तीला ६.

दिवाळी: दोन महिने

पहिले पाच महिने काटेकोर गेले. १४ ची तार, मग १६ ची, मग चौकोनी १६-२२ (०.०१६ बाय ०.०२२ इंच). दिवाळीत खालच्या डाव्या बाजूच्या उपदाढेचं ब्रॅकेट निघालं. निघालं म्हणजे पडलं नाही. तारेवर सरकत, फिरत राहिलं. दुखत नव्हतं, म्हणून घरी कोणी मनावर घेतलं नाही. पुढची तारीख पाच आठवड्यांनी होती, तेव्हा दाखवलं.

आईनं चकलीला दोष दिला. चकली, कडबोळी, शेंगदाण्याची चिक्की, उसाचं कांडं, मक्याचं कणीस थेट दातांनी तोडणं, अख्खा पेरू, बर्फ हे सगळं वर्ज्य यादीत असतंच आणि असायलाच हवं. चकलीचे बारीक तुकडे करून मागच्या दाढेनं खाल्ले तर एकवेळ चालतं. पण या ब्रॅकेटची गोष्ट वेगळी निघाली. निघालेल्या ब्रॅकेटची पाठ बघायची असते. चिकट द्रव्य दातावरच राहिलं असेल आणि ब्रॅकेटची जाळी स्वच्छ असेल, तर बहुधा बाहेरून जोर आला. इथे दात स्वच्छ होता आणि सगळं द्रव्य ब्रॅकेटला चिकटून आलं होतं. म्हणजे चिकटवताना तिथे ओल होती. खालच्या मागच्या बाजूला लाळ आवरणं अवघड असतं, तरी ही चूक खुर्चीच्या डॉक्टरकडच्या बाजूची. चकलीला फुकट बोल लागला.

मात्र दोन महिने गेले ते ब्रॅकेट निघाल्यामुळे नव्हे, पाच आठवडे कोणी न सांगितल्यामुळे. शेजारची उपदाढ काढलेली, त्या मोकळ्या जागेत हा सुटा दात मागे कलंडला आणि फिरला. चौकोनी तार त्याच्यापर्यंत पोचेना. परत १४ च्या तारेवर यावं लागलं आणि तिथून पुन्हा एकेक पायरी चढत १९-२५ च्या स्टीलच्या तारेपर्यंत. बाकी सगळे दात तोवर नुसते वाट बघत बसले. दोन दिवसांत कळवलं असतं तर पंधरा मिनिटांचं काम होतं.

असं काही झालं तर घरी काय करायचं? ब्रॅकेट तारेवर असेल तर राहू द्या, मेणानं जागेवर धरा, फोन करा. तार टोचत असेल तर पेन्सिलीच्या मागच्या खोडरबरानं आत दाबा. अगदीच असह्य झालं आणि दवाखाना लांब असेल, तर स्वच्छ नेलकटरनं टोक कापता येतं, पण तुकडा टिश्यूत धरून, नाहीतर घशात जातो. ब्रॅकेट गिळलं गेलं तर ते बहुतेक वेळा पोटातून निघून जातं. गिळल्यावर खोकल्याची उबळ आली, श्वासाला घरघर आली, तर मात्र वाट न पाहता हॉस्पिटल.

मे महिना: एक महिना

फेब्रुवारीत स्टीलची तार बसली आणि जागा बंद करायचं काम सुरू झालं: सुळ्यापुढच्या हुकापासून दाढेपर्यंत ताणलेलं रबरी कडं आणि बारीक तार. ब्रॅकेटची खाच २२ हजारांश इंचाची, तार १९ ची. मधल्या फटीमुळे तार दाढेच्या नळीतून मागे घसरते. त्या नळीभोवती कीट साचलं तर तीही अडते, हे फारसं कोणाला सांगितलं जात नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत मुलगी मामाकडे होती. परत आली तेव्हा हिरड्या सुजून ब्रॅकेटच्या कडेपर्यंत चढलेल्या, आणि वरच्या सुळ्यांवर ब्रॅकेट आणि हिरडीच्या मध्ये पांढुरके चंद्रकोरी डाग. कोल्ड्रिंक, उसाचा रस, बर्फाचा गोळा, आणि रात्री ब्रश नाही. हे डाग म्हणजे कीड लागण्याची पहिली पायरी: आम्लानं इनॅमलमधलं कॅल्शियम निघून जातं. महिनाभराची हयगय त्याला पुरते. लोक समजतात तारांमुळे डाग पडले. तारांनी फक्त कीट अडकायला जागा दिली.

तार तेवढ्यापुरती काढून स्वच्छता केली, फ्लोराइडचं व्हार्निश लावलं आणि चार आठवडे जागा बंद करणं थांबवलं. सुजलेल्या हिरडीतून दात ओढला तर हिरडीची वळी दोन दातांच्या मध्ये चेमटते आणि फट पुन्हा उघडू पाहते.

ब्रश कसा करायचा हे तोंडी सांगून उपयोग होत नाही, आरसा हातात देऊन करून घ्यावं लागतं. ब्रॅकेटच्या वरची कड तिरक्या ब्रशनं, मग खालची कड, मग ब्रॅकेटचा चेहरा. नंतर बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा छोटा ब्रश तारेखालून, प्रत्येक दोन ब्रॅकेटच्या मध्ये वरून एकदा आणि खालून एकदा. सगळं मिळून पाच ते सहा मिनिटं. टूथपेस्ट फ्लोराइडची, आपल्याकडे नियमानं १००० पीपीएमपर्यंतच मिळते आणि आकडा ट्यूबवर छापलेला असतो, तो वाचून घ्यावा. शिवाय ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडच्या द्रावणानं दिवसातून एकदा चूळ, पण ब्रशच्या वेळी नाही, शाळेतून आल्यावर. ब्रश आणि चूळ लागोपाठ केली तर टूथपेस्टमधलं जास्त तीव्र फ्लोराइड धुऊन जातं.

रबर: दोन महिने

रबराच्या पिशवीत १०० नग असतात. या मुलीला पाव इंची, साडेतीन औंसाचे दिले होते. वरच्या सुळ्यापासून खालच्या पहिल्या दाढेपर्यंत, दोन्ही बाजूंना, रोज नवे. म्हणजे दिवसाला दोन. सहा आठवड्यांत ८४ संपायला हवेत. ऑगस्टमध्ये पिशवी उघडून मोजले तर ६३ शिल्लक.

मुलगी खोटं बोलत नव्हती. "रोज लावते" म्हणजे तिच्या लेखी अधूनमधून झोपताना लावते, आणि तेच ते दोन-तीन दिवस. शाळेत डबा खाताना काढायचे, मग हातात धरायचे, मैत्रिणी बघतात. त्यात पहिल्या दिवसातच लॅटेक्स रबराचा जोर बराच उतरतो. दुसऱ्या दिवशीचं रबर म्हणजे नुसतं लटकलेलं. आणि दाताभोवतीच्या पेशींना हालचाल सुरू करायलाच सलग सहा-आठ तास ताण लागतो. रात्री जेमतेम सुरुवात होते तोवर सकाळी रबर निघतं, आणि दिवसभरात दात जागेवर परततो. अर्ध्या वेळेत अर्धं काम होईल, हा हिशेब इथे चालत नाही.

दरम्यान रस्सीखेच चालूच होती आणि रबराच्या बाजूचा गडी गैरहजर. वरची दाढ एकच मि.मी. पुढे यायला परवानगी होती. ती दोन आली. मागे न्यायचे पुढचे दात अजून ४ मि.मी. पुढेच, आणि जागा मात्र संपत चाललेली.

सप्टेंबरमध्ये शेवटी स्क्रूच लावले. दीड मि.मी. व्यासाचे, ८ मि.मी. लांबीचे दोन, वरच्या दुसऱ्या उपदाढ आणि पहिल्या दाढेच्या मुळांमध्ये. त्याआधी एक्स-रे घेऊन मुळांमधली जागा पाहिली आणि त्याच फिल्मवर पुढच्या दातांची मुळंही. मुळाचं टोक मि.मी.भर गोलसर झालेलं होतं. एवढं पुष्कळांत होतं आणि तारा निघाल्यावर थांबतं. बरंच जास्त दिसलं असतं तर दोन-तीन महिने सगळं थांबवावं लागलं असतं. स्क्रू बसवायला हिरडीपुरतं बधिर केलं की पुरतं. दहापैकी एखादा सैल होतो आणि जागा बदलून लावावा लागतो. इथे दोन्ही टिकले. स्प्रिंग थेट स्क्रूला जोडली आणि दाढेवरचा भार गेला.

हे दोन महिने फक्त मुलीच्या नावावर टाकणं अन्याय होईल. पिशवी दुसऱ्या भेटीलाच मोजता आली असती. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला "रबर लावतोस ना?" असं विचारायचं नसतं. पिशवी मागायची असते.

दहावी: दोन महिने

फेब्रुवारीत, एकविसाव्या महिन्यात, सगळ्या फटी मिटल्या. आणि दहावीच्या परीक्षेची धांदल सुरू झाली. फेब्रुवारीअखेरची आणि मार्चची अशा दोन तारखा चुकल्या. एप्रिलमध्ये आली तेव्हा उजवीकडे फट बांधून ठेवणारी बारीक तार तुटून १ मि.मी. जागा परत उघडलेली, आणि डाव्या दाढेमागून घसरलेल्या तारेच्या टोकानं गालात जखम केलेली. पेपर संपेपर्यंत पोरीनं ती तशीच सोसली.

तारीख चुकवण्यानं नेमकं काय होतं? दात आपोआप उलटे फिरत नाहीत, पण ओढणारं रबर चार ते सहा आठवड्यांत थकतं, आणि पुढे वेळ नुसता वाया जातो. तुटलेलं काही असेल तर नुकसानही होतं. नववीच्या आधी तारा लावल्या आणि २२ महिने सांगितले, तेव्हाच हे दिसत होतं की शेवट बोर्डाच्या परीक्षेवर येतोय. परीक्षेआधीच्या भेटीत तारेची टोकं मागे वळवून बंद करायची, फटी स्टीलच्या तारेनं सुळ्यापासून दाढेपर्यंत बांधायच्या आणि मार्चमध्ये दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत दहा मिनिटं नुसतं बघून सोडायचं. एवढं केलं असतं तर एकही महिना गेला नसता.

खर्चाचं बोलणं याच टप्प्यावर निघालं, कारण मुदत वाढली. सुरुवातीलाच लेखी घ्याव्यात अशा तीन गोष्टी: निघालेल्या ब्रॅकेटचे वेगळे पैसे आहेत का, मुदत वाढली तर भेटीचे पैसे लागतील का, आणि तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर या रकमेत धरला आहे का. वाद बहुतेक तिसऱ्यावरून होतात. बीडीएसनंतर याच विषयात तीन वर्षांचं एमडीएस केलेला डॉक्टर आहे का, हेही विचारायला संकोच नको. कमी खर्चात करायचं तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे. तिथे वेळ जास्त द्यावा लागतो, आणि तीन वर्षांनी विद्यार्थी-डॉक्टर बाहेर पडत असल्यानं केस मध्येच दुसऱ्या हातात जाऊ शकते, हे धरून चालावं.

तारा निघाल्या

एप्रिलपासून बारीक काम: ओपीजी बघून तीन ब्रॅकेट नव्यानं बसवली, कारण मुळं समांतर नव्हती. मुळं तिरकी राहिली तर काढलेल्या दाताची फट पुन्हा उघडते. ऑक्टोबरमध्ये तारा उतरल्या. ब्रॅकेट पक्कडीनं दाबून निघतं, दातावर उरलेलं चिकट द्रव्य बारीक बरनं (यंत्राच्या फिरत्या टोकानं) घासून काढतात. आवाज येतो, दुखत नाही. वरचे-खालचे दात २.५ मि.मी. अंतरावर, ओठ सहज मिटणारे. डावीकडच्या दाढा बरोबर जुळल्या, उजवीकडे मि.मी.चा फरक राहिला, रबराची आठवण म्हणून. सुळ्यांवरचे डाग फिके झाले पण दिसतात. पहिले सहा महिने लाळ आणि साधी टूथपेस्ट त्यांना आपोआप भरू देतात. दर्शनी डागांवर लगेच तीव्र फ्लोराइड लावलं तर वरचा थर बंद होऊन आतला पांढरेपणा कायम राहतो.

"आता झालं ना?" या प्रश्नाला "नाही" म्हणावं लागतं. हिरडीतले तंतू दाताला जुन्या जागी खेचत असतात आणि ते नव्यानं जुळायला वर्षभर घेतात. खाली सुळ्यापासून सुळ्यापर्यंत सहा दातांच्या मागे पिळलेली बारीक तार कायमची चिकटवली. वर १ मि.मी. जाडीच्या प्लास्टिकचा पारदर्शक रिटेनर: सहा महिने जेवण आणि ब्रश सोडून सतत, पुढे रोज रात्री. किती वर्षं? दात सरळ हवेत तोवर. धुवायला गार पाणी आणि साबण. गरम पाण्यात तो वाकतो आणि मग बसत नाही. अक्कलदाढा दात परत वाकडे करतील म्हणून आधीच काढून टाका, असा सल्ला मिळाला तर त्याला आधार नाही. त्या अडकल्या किंवा दुखल्या तर वेगळी गोष्ट.

तिसऱ्या आठवड्यात हॉटेलात जेवताना रिटेनर पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून ताटाशेजारी ठेवला गेला आणि वेटरनं ताटाबरोबर उचलला. रिटेनर असेच हरवतात, म्हणून डबी दप्तरात आणि दुसरी घरात. या वेळी मात्र फोन त्याच रात्री आला. साचा जपून ठेवलेला होता, नवा रिटेनर चौथ्या दिवशी मिळाला. घालताना घट्ट लागला, दोन रात्री दात ठणकले, आणि मग बसला.